निर्जन सरोवरात खत कोठून आले?

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात, पर्वतरांगेच्या पूर्व उतारावर, समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरहून अधिक उंचीवर लॉख व्हेल नावाचे एक खोरे आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६६० हेक्टर. माथ्याशी एक छोटी हिमनदी, तिच्या खाली बर्फाच्या पाण्याची लहान तळी, अँड्र्यूज क्रीक आणि आयसी ब्रुक हे दोन ओढे आणि ते एकत्र येऊन ज्यात उतरतात ते ‘द लॉख’ नावाचे सरोवर, असा तेथील पाण्याचा आटोपशीर संसार आहे. खोऱ्याचा चार पंचमांशाहून अधिक भाग उघडा कातळ आणि दगडधोंड्यांचा खच यांनी व्यापलेला आहे. गाव नाही, शेत नाही, गोठा नाही, कारखाना नाही. मोटारीचा रस्ता सुमारे पाच किलोमीटर अलीकडेच संपतो.

असे असूनही या सरोवरांच्या पाण्याला गेली सत्तर वर्षे खत मिळत आहे. ते तेथे कोणी नेऊन टाकलेले नाही. हे खत आकाशातून येते. ते किती येते, कोठून येते आणि आल्यावर काय करते, याची नोंद १९८३ पासून आजतागायत दर आठवड्याला ठेवली जात आहे. डोंगरावरच्या पाण्याचा अभ्यास कसा केला जातो आणि त्यातून काय हाती लागते, हे समजून घेण्यासाठी याहून चांगले उदाहरण आम्हांला आढळले नाही. म्हणून प्रस्तुत लेखात त्याची सविस्तर ओळख करून देत आहोत.

एक खोरे, एक हिशेबवही

या अभ्यासपद्धतीचा उगम लॉख व्हेलमधला नव्हे. अमेरिकेच्याच पण दुसऱ्या टोकाच्या न्यू हॅम्पशायर राज्यात, व्हाइट माउंटन्स या डोंगरांत, हबर्ड ब्रुक नावाचे वनक्षेत्र आहे. जीन लायकेन्स, हर्बर्ट बोरमन, नोय जॉन्सन आणि रॉबर्ट पिअर्स या चार संशोधकांनी तेथे १९६३ साली एका साध्या विचारावर काम सुरू केले. डोंगरातील एखादे छोटे पाणलोट क्षेत्र घ्यावे. खालचा कातळ अभंग असला, तर तेथे पडलेले पाणी एकाच ओढ्याने बाहेर पडते. मग आत येणाऱ्या पावसात व बर्फात काय काय विरघळले आहे ते मोजावे, बाहेर जाणाऱ्या ओढ्यात काय आहे तेही मोजावे, आणि दुकानदाराने जमाखर्च मांडावा तसा हिशेब मांडावा. ओढ्यावर एक बांध घालून त्याच्या कडेला इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराची खाच ठेवली, की खाचेतून वाहणाऱ्या पाण्याच्या उंचीवरून किती पाणी गेले हे कळते.

याच हिशेबातून त्यांना तेथला पाऊस अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक आम्लधर्मी असल्याचे आढळले. कारखान्यांच्या व वीज केंद्रांच्या धुरांड्यांतून निघालेले गंधकाचे व नायट्रोजनचे वायू शेकडो किलोमीटर दूर जाऊन पावसातून खाली येत होते. अमेरिकेने १९९० साली आपल्या स्वच्छ हवा कायद्यात ज्या दुरुस्त्या केल्या, त्यांच्या पाठीशी हबर्ड ब्रुकची आकडेवारी होती. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पावसाच्या आम्लतेत खरोखर बदल होत आहे की तो वर्षावर्षातला नेहमीचा चढउतार आहे, हे संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठामपणे सांगण्यासाठी या मंडळींना सलग अठरा वर्षे मोजावे लागले. तीन वर्षांची मंजुरी घेऊन तीन वर्षांत अहवाल देणारा अभ्यास येथे कामाचा नव्हता.

आम्लवर्षेची चर्चा ऐन भरात असताना, रॉकी पर्वतातील सरोवरांनाही असाच धोका आहे काय, हे पाहण्यासाठी लॉख व्हेलची निवड झाली. जिल बॅरन या परिसरशास्त्रज्ञ महिलेने हे काम प्रारंभापासून उभे केले. अपेक्षा होती आम्ल सापडण्याची. सापडले ते खत.

मंगळवारची वाट

पाऊस मोजण्याची रीत अशी. खोऱ्यात ३,१५० मीटरच्या सुमारास एक यंत्र उभे आहे. त्यात स्वच्छ धुतलेली बादली असते आणि तिच्यावर झाकण. पावसाचा थेंब किंवा बर्फाचा कण पडल्याची चाहूल लागताच झाकण आपोआप बाजूला सरकते आणि पाऊस थांबताच पुन्हा बादलीवर येते. त्यामुळे एरवीची धूळ आत जात नाही. दर मंगळवारी बादली बदलायची, असा अमेरिकेतील अशा सर्व केंद्रांचा एकच नियम आहे. सगळे नमुने एकाच मध्यवर्ती प्रयोगशाळेत जातात. ती अनेक वर्षे इलिनॉय राज्यात होती, २०१८ साली विस्कॉन्सिनमध्ये हलली. तराजू एकच असला तरच चाळीस वर्षांपूर्वीच्या वजनाची आजच्या वजनाशी तुलना करता येते, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

सरोवरातून बाहेर पडणाऱ्या ओढ्याच्या पाण्याचे नमुनेही असेच नियमाने घेतले जातात. उन्हाळ्यात ही पाच किलोमीटरची चढण म्हणजे पर्यटकांची आवडती वाट. हिवाळ्यात मात्र तीच वाट बर्फावर चालण्याचे जोडे किंवा स्की पायांत बांधून, हिमकडा कोसळण्याचा धोका ओळखून, सोसाट्याच्या वाऱ्यात काटावी लागते. अशा हजारो फेऱ्यांतून ही वही भरली आहे. विज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढरा झगा आणि सूक्ष्मदर्शक येतो. त्या चित्रात बर्फातून बादली वाहून आणणारा विद्यार्थीही असावा, असे आम्हांला वाटते.

चिमूटभर नत्र

हवेचा ७८ टक्के भाग नायट्रोजनचा, म्हणजे आपण शेतीत ज्याला नत्र म्हणतो त्याचा आहे. परंतु वनस्पतींना तो थेट उचलता येत नाही. विजेचा कडकडाट आणि काही विशिष्ट जिवाणू यांच्यामार्फतच तो पूर्वी मातीला मिळे. १९१३ साली जर्मनीत हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया तयार करण्याचा कारखाना सुरू झाला आणि खताच्या गोणीचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर रासायनिक खते, मोटारी आणि वीज केंद्रे हे तिन्ही एकदम वाढले. वायुरूपातील निरुपद्रवी नायट्रोजन वनस्पतींना वापरता येईल अशा रूपात आणण्याचे काम माणूस निसर्गाच्या तोडीने करू लागला, आणि त्यातला जो अंश हवेत निसटला तो वाऱ्यावर स्वार झाला.

लॉख व्हेलवर पाऊस व बर्फ यांतून वर्षाकाठी हेक्टरी सुमारे ३ किलो नत्र पडते. शेतकरी वाचकांना हा आकडा हास्यास्पद वाटेल. भाताच्या सुधारित वाणांना हेक्टरी १०० किलो नत्र द्यावे अशी आपल्याकडे शिफारस असते. ३ किलो नत्र म्हणजे एकरी अडीच किलोहून किंचित अधिक युरिया, एक चौरस मीटर जागेवर मिठाच्या चिमटीएवढा. पण मानवी हस्तक्षेपापूर्वी या डोंगरांवर पडणारे नत्र हेक्टरी सुमारे ०.२ किलो असावे, असा अंदाज आहे. म्हणजे आजचे प्रमाण त्याच्या पंधरापट झाले. भाताच्या खाचरात १०० किलो नत्र पचवणारे रोप उभे असते. येथे तसे काही नाही. माती पातळ, उन्हाळा दोन-तीन महिन्यांचा, आणि खालचा ग्रॅनाइट इतका कठीण की त्यातून आम्लाला मारक ठरणारा चुन्याचा अंश पाण्यात फारसा उतरत नाही. हजारो वर्षे अत्यल्प अन्नावर जगणारी ही सरोवरे आहेत. उपाशीपोटी राहण्याची सवय झालेल्या माणसाला दोन घास जास्तीचेही जड जातात.

त्यातून बर्फाचा एक वेगळाच खेळ आहे. येथे वर्षभरात पडणाऱ्या पाण्याचा मोठा भाग बर्फाच्या रूपाने पडतो आणि महिनोन्‌महिने साठून राहतो. हिवाळाभर हवेतून आलेली द्रव्ये त्या थरात अडकतात. बर्फाचे स्फटिक तयार होताना ही द्रव्ये कणांच्या पृष्ठभागाकडे ढकलली जातात आणि वसंतात पहिले पाणी सुटू लागताच धुतली जातात. नॉर्वेतील संशोधकांनी १९७० च्या दशकातच दाखवून दिले होते की वितळणाऱ्या बर्फाच्या पहिल्या ३० टक्के पाण्याबरोबर साठलेल्या प्रदूषकांपैकी ५० ते ८० टक्के भाग वाहून जातो. परिणामी वर्षभराची ठेव काही थोड्या दिवसांत ओढ्यात येते. म्हणून वर्षातून एकदा, सोयीच्या ऋतूत जाऊन बाटली भरून आणणाऱ्याला या ओढ्याचे खरे रूप कधीच दिसणार नाही.

मोटारींचा धूर आणि गोठ्याचा दर्प

हे नत्र येते कोठून? पावसात ते दोन रूपांत सापडते. एक नायट्रेट, त्याचे मूळ बहुतांशी मोटारी, वीज केंद्रे व इंधनाचे ज्वलन यांत असते. दुसरे अमोनियम, त्याचे मूळ शेण, गोमूत्र आणि खते. बंदिस्त गोठ्यात शिरताच नाकाला झोंबणारा जो दर्प आपल्याला जाणवतो, तोच हा अमोनिया. फरक इतकाच की पूर्व कोलोरॅडोच्या मैदानात, ग्रीली शहराच्या परिसरात, हजारो गुरे एकाच आवारात कोंडून मांसासाठी पुष्ट केली जातात. त्या कोंडवाड्यांवरची हवा कशी असेल याची कल्पना करता येईल.

डोंगराच्या पायथ्याशी डेन्व्हरसारखी वाढती शहरे आणि त्यापुढे ही शेती, असा पूर्वेकडचा देखावा आहे. येथील वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, म्हणजे मैदानातला धूर डोंगरापासून दूरच जातो. पण वसंतात आणि उन्हाळ्यात मधूनमधून वाऱ्याची दिशा उलटते. पूर्वेकडची दमट हवा उतारावरून वर चढते, थंड होते आणि पाऊस किंवा बर्फ होऊन उद्यानावर कोसळते. अशा मोजक्या काही दिवसांतच वर्षाच्या ठेवीतला फार मोठा वाटा पडून जातो, असे २००६ व २००९ साली उद्यानात केलेल्या विशेष मोजणीतून स्पष्ट झाले. अर्थात सगळेच नत्र शेजारच्या मैदानातून येते असे नव्हे. कोलोरॅडोच्या सीमेबाहेरूनही बराच भाग येतो.

येथे भूगोलाने साधलेला एक योगायोग नमूद केल्यावाचून राहवत नाही. द लॉखमधून निघालेले पाणी ग्लेशियर क्रीकमार्गे बिग थॉम्पसन नदीला मिळते आणि ती नदी वाहत जाऊन ग्रीलीजवळ साउथ प्लाट नदीत विसर्जित होते. ज्या मैदानातून वायुरूपाने नत्र वर चढले, त्याच मैदानात त्यातला काही भाग पाण्यावाटे परत येतो.

गाळातली साक्ष

१९८३ पासूनची वही कितीही चोख असली, तरी एक अडचण उरतेच. मोजणी सुरू होण्यापूर्वीच बिघाड झाला असेल तर? निरोगी सरोवर कसे होते हेच ठाऊक नसेल, तर आजचे सरोवर आजारी आहे असे कोणत्या आधारावर म्हणावे?

हे उत्तर सरोवरानेच आपल्या तळाशी जपून ठेवले होते. पाण्यात डायाटम नावाचे एकपेशीय शैवाल असते. प्रत्येक डायाटमभोवती सिलिकाचे, म्हणजे काचेसारख्या द्रव्याचे, नक्षीदार कवच असते. प्रत्येक जातीची नक्षी वेगळी. डायाटम मरतो, कवच तळाशी बसते आणि कुजत नाही. वर्षामागून वर्षे गाळाचे थर साठत जातात. नळीने तळाचा गाळ उभा कापून काढला आणि तो वरून खाली थराथराने तपासला, तर कोणत्या काळी कोणत्या जाती नांदत होत्या हे कळते. थराचे वय ठरवण्यासाठी शिसे-२१० या किरणोत्सारी द्रव्याचा उपयोग होतो. साधारण २२ वर्षांत ते निम्मे उरते, त्यामुळे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा काळ त्यावरून मोजता येतो.

अलेक्झांडर वुल्फ, जिल बॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉख व्हेलच्या वरच्या अंगाला असलेले स्काय पॉण्ड आणि उद्यानातीलच लेक लुईझ या दोन सरोवरांचा गाळ असा तपासला आणि निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध केले. सुमारे १९५० पर्यंतच्या थरांत कमी अन्नावर गुजराण करणाऱ्या जातींचे राज्य होते. त्यानंतर अ‍ॅस्टेरिओनेला फॉर्मोसा आणि फ्राजिलारिया क्रोटोनेन्सिस या दोन जाती झपाट्याने वाढत गेल्या. पहिली चांदणीसारख्या झुबक्यांनी राहते, दुसरी फणीसारख्या पट्ट्यांनी. दोघीही खतावलेल्या पाण्यात फोफावणाऱ्या. स्काय पॉण्डमधील गाळाची नोंद हिमयुगाच्या अखेरीपर्यंत, सुमारे १४,००० वर्षे मागे जाते. तिच्याशी ताडून पाहता इतक्या वेगाने इतका बदल पूर्वी झाल्याचे दिसत नाही.

कोणी विचारील, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका शैवालाची जागा दुसऱ्याने घेतली तर एवढे काय बिघडले? हा प्रश्न अवाजवी नाही. मासे मेलेले नाहीत, पाणी पिण्यास अपायकारक झालेले नाही, आणि हबर्ड ब्रुकच्या परिसरातल्यासारखे आम्लही येथे अद्याप साठलेले नाही. परंतु सरोवरातील सगळ्या जीवांचे अन्न या शैवालापासूनच सुरू होते. जेम्स एल्सर आणि सहकाऱ्यांनी २००९ साली नॉर्वे, स्वीडन आणि कोलोरॅडो येथील सरोवरांची तुलना केली. जेथे आकाशातून नत्र कमी पडते, तेथे शैवालाची वाढ नत्राअभावी अडलेली असते. जेथे जास्त पडते, तेथे ती स्फुरदाअभावी, म्हणजे फॉस्फरसच्या कमतरतेने अडते. पिठाचा डबा भरलेला आणि पाणी संपलेले, अशी ती स्थिती होय. स्फुरद कमी असलेले शैवाल खाऊन सूक्ष्म जलचरांचे नीट पोषण होत नाही. वरवर शांत दिसणाऱ्या पाण्यात जेवणाचा कसच बदलतो. शिवाय ही पहिली पायरी आहे. नत्र साठत राहिले तर पुढची पायरी आम्लाची असते, आणि तेथवर गेलेल्या सरोवराला मागे आणायला किती दशके लागतात, हे हबर्ड ब्रुकने आणि स्कँडिनेव्हियाने दाखवले आहे. पहिल्या पायरीवर सावध होणे स्वस्त पडते.

आकड्यातून निघालेले वचन

गाळाने काळ सांगितला, पण शासनाला काळ पुरत नाही, त्याला आकडा लागतो. बॅरन यांनी २००६ साली तो आकडा काढला. वायूंचे उत्सर्जन पूर्वी कसकसे वाढत गेले यावरून त्यांनी मागे मागे जात हिशेब केला, आणि ज्या काळात डायाटम पालटले त्या १९५० ते १९६४ च्या दरम्यान पावसातून हेक्टरी सुमारे १.५ किलो नत्र पडत असावे, असे दाखवले. हीच या सरोवरांची सहनमर्यादा. त्याखाली ती आपली प्रकृती राखू शकतात, त्यावर गेल्यास नाही.

कोलोरॅडोचे आरोग्य व पर्यावरण खाते, अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था आणि राष्ट्रीय उद्यान सेवा या तिघांनी २००७ साली हा आकडा स्वीकारून एक योजना मान्य केली. २०३२ पर्यंत पावसातील नत्र १.५ किलोवर आणायचे, आणि वाटेतला पहिला टप्पा म्हणून २०१२ पर्यंत २.७ किलोवर. दुर्गम सरोवरातील सूक्ष्म शैवालाच्या साक्षीवरून वाहनांच्या व शेतीच्या धोरणाला उद्दिष्ट मिळावे, ही घटना आम्हांला विलक्षण वाटते.

पहिला टप्पा मात्र साधला गेला नाही. २०१२ नंतरच्या वर्षांतही ठेव ३ किलोच्या आसपासच घुटमळत राहिली. कारण उघड आहे. वाहने आणि वीज केंद्रे यांच्या धुरावर कायद्याचे बंधन असल्याने नायट्रेट हळूहळू उतरले. पण गुरांच्या कोंडवाड्यातून निघणाऱ्या अमोनियावर तसे बंधन नाही आणि अमोनियमने ती भर भरून काढली. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१४ पासून एक तोडगा वापरात आला. वारा उलटून डोंगराकडे चढण्याची चिन्हे दिसली, की हवामानाचा अंदाज बांधणारी मंडळी शेतकऱ्यांना व पशुपालकांना आगाऊ संदेश पाठवतात. त्या दोन-तीन दिवसांत शेणखत हलवू नये, कोंडवाडे उकरू नयेत, खत टाकायचे असल्यास पुढे ढकलावे. यात सक्ती नाही. ज्याला शक्य असेल त्याने करावे.

अशा ऐच्छिक उपायाने ३ चे १.५ होतील असे आम्हांला वाटत नाही. तरीही त्यात एक गोष्ट मोलाची आहे. पशुपालकाला त्यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले नाही. त्याच्या गोठ्यातला वास अमुक दिवशी अमुक डोंगरावर पोहोचणार आहे, एवढे त्याला सांगितले आहे. मैदानातल्या माणसाला डोंगरावरचे सरोवर आपल्याशी जोडलेले आहे हे पहिल्यांदा कळते ते असे.

हिशेब चुकवणारी ऊब

आता या अभ्यासातील सर्वांत अनपेक्षित भाग. १९९१ ते २००६ या काळात पावसातून पडणारे नत्र वाढले नाही. त्याची सरासरी हेक्टरी ३.०६ किलो राहिली. जमा स्थिर, तर खर्चही स्थिर असायला हवा. पण २००० नंतर द लॉखमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यातील नायट्रेटचे प्रमाण १९९१-९९ च्या सरासरीपेक्षा ५० टक्क्यांनी वाढलेले आढळले. खोऱ्यातून वाहून जाणारे नत्र हेक्टरी २.०३ किलोवरून २.८४ किलोवर गेले. वरून येते तेवढेच, मग खाली जास्त कसे?

बॅरन व सहकाऱ्यांनी २००९ साली याचा उलगडा मांडला. या पंधरा वर्षांत तेथील उन्हाळा आणि शरद दोन्ही दरवर्षी सरासरी ०.१२ अंश सेल्सिअसने तापत गेले होते. खोऱ्याच्या माथ्यावर हिमनदी आहे, तशीच शैल-हिमनदीही आहे, म्हणजे दगडांच्या खचाखाली दडलेले, हळूहळू सरकणारे बर्फ. ते वितळू लागले. या वितळलेल्या पाण्यात नायट्रेटबरोबरच कॅल्शियम आणि सल्फेटही वाढलेले सापडले. ही दोन द्रव्ये दगड झिजल्याची खूण आहेत. तेव्हा वाढीचे कारण ताजा पाऊस नव्हे. बर्फाखाली झाकलेला गाळ उघडा पडला, त्यात जिवाणूंनी तयार केलेले नायट्रेट होते, आणि पाण्याने ते धुऊन आणले.

ओसाड दगडांत जिवाणू कसे, असा प्रश्न पडेल. नायट्रेटमधील ऑक्सिजनच्या समस्थानिकांची पारख केली, की ते थेट पावसातले आहे की जिवाणूंच्या हातून गेलेले, हे ओळखता येते. लॉख व्हेलच्या ओढ्यांत निम्म्याहून अधिक नायट्रेट जिवाणूंच्या वाटेने आलेले असल्याचे अशा पारखीतून पूर्वीच दिसले होते. आपल्याला निर्जीव दिसणारा दगडांचा खच आतून जिवंत आहे, आणि ऊब मिळाली की तो अधिक काम करतो.

पुढे इझाबेला ओलेक्सी आणि सहकाऱ्यांनी याच सरोवरांच्या गाळातील रंगद्रव्ये तपासली व २०२० साली दाखवले की आता डायाटमच्या बरोबरीने हिरवे शैवालही बळावले आहे, आणि त्यामागे नत्र व तापमान या दोघांचा एकत्रित हात आहे. केवळ नत्राने एवढे झाले नसते, केवळ उबेनेही नाही. पूर्वी आरशासारख्या असलेल्या पाण्याला हिरवी झाक येणे हे पाहणाऱ्यालाही कळू लागते. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही.

यातून योजनेपुढे एक कठीण प्रश्न उभा राहतो. १.५ किलोची सहनमर्यादा काढली ती विसाव्या शतकाच्या मध्यातल्या थंड सरोवरांवरून. खोरे तापत असेल आणि स्वतःच्या पोटातले नत्र बाहेर सोडत असेल, तर पावसातले नत्र १.५ वर आणल्यानेही सरोवर १९५० च्या स्थितीला पोहोचेल याची खात्री कोण देणार? सरकारी योजनेची प्रगती मोजली जाते ती पावसाच्या बादलीवरून. ओढ्याचा आकडा त्या उद्दिष्टात नाही. कोलोरॅडोच्या हाती असलेला उपाय धुराचा आणि शेणखताचा आहे. ऊब कमी करणे एकट्या कोलोरॅडोच्या हाती नाही. म्हणूनच, एक आकडा उतरताना दुसरा चढत असेल तर ते वेळीच दिसावे यासाठी, बादलीची आणि ओढ्याची अशा दोन्ही नोंदी शेजारीशेजारी ठेवून वाचाव्या लागतात.